दाराचं माप

पाकिटात दोन कागद आणि एक फोटो होता. कागद पाठपोट लिहिलेले, एकूण चौऱ्याऐंशी ओळी. त्यात ‘ठीक’ हा शब्द नऊ वेळा, ‘काळजी करू नका’ चार वेळा, लेकीचा उल्लेख सतरा वेळा, अण्णांचा दोनदा. शेवटच्या पानाच्या तळाशी, जिथे एरवी अण्णांच्या चपट्या पेन्सिलीनं खरडलेल्या दोन ओळी असायच्या, तिथे तीन बोटं कोरी जागा. पत्र संपल्यावर मोजणीदारानं सगळं पुन्हा एकदा मोजलं. आकडे तेच आले, फक्त ‘ठीक’ दहा निघाले. एक त्यानं मघाशी घाईत सोडला होता.

“काय रे मोजणीदार, बायकोचं पत्र आहे की शत्रूचा नकाशा?” शेजारच्या खाटेवरून आचारी म्हणाला. आचाऱ्याचीही नोकरी संपत आली होती. या लांबट बराकीत सेवामुक्तीची वाट पाहणारेच ठेवत, चाळीस खाटा आणि सव्वीस माणसं, आणि दिवसभर कुणालाच काही काम नसे. मोजणीदाराचे नऊ दिवस उरले होते. तोफखान्याच्या मोजणी तुकडीत त्यानं अठरा वर्षं काढली होती. तोफ नेमकी कुठे उभी आहे आणि लक्ष्य नेमकं किती लांब आहे, एवढंच सांगायचं काम. ते आकडे चुकले तर पुढच्या सगळ्यांचं शौर्य वाया. आता कोन मोजायचं यंत्र जमा झालं होतं, बूट जमा झाले होते, हिशेबवहीत नोंदलेली पेन्सिलसुद्धा सही घेऊन परत गेली होती. खिशात राहिली होती फक्त दोन मीटरची पोलादी टेप, कारण ती सरकारी नव्हतीच. भरती होताना अण्णांनी दिलेली. अण्णा, त्याचे वडील, सुतारकाम करत. “लोक देवाचा अंगारा देतात,” तेव्हा आई म्हणाली होती, “आणि ह्यांनी पोराला टेप दिली.”

“सगळं ठीक आहे म्हणते,” मोजणीदार आचाऱ्याला म्हणाला.

“मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?”

“दहा वेळा म्हणते.”

आचारी खो खो हसला. “अरे, आमची एकदासुद्धा म्हणत नाही. पत्र उघडलं की नुसती तक्रार. नळ गळतोय, पोरगा नापास झाला, तुमची आई मला बोलली. वाचलं की वाटतं, चला, सगळे जिवंत आहेत.” तो कुशीवर वळला आणि लगेच घोरायला लागला. हसत हसत केलेलं त्याचं बोलणं मोजणीदाराच्या मनात मात्र कुसळासारखं रुतून बसलं. गळणारा नळ ही खरी बातमी होती. नळ गळतो म्हणजे घर आहे, घरात पाणी आहे, पाण्याचा आवाज ऐकून वैतागणारं माणूस आहे. ‘ठीक’ या शब्दात काहीच नव्हतं. आणि तो शब्द तसा रिकामा करून ठेवला होता त्यानं स्वतः.

सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तार आली ती सकाळी दहाला, उघड्या माळावर. सरावाचा दिवस होता आणि दुपारपर्यंत सहा ठिकाणांची मोजणी द्यायची होती. त्यानं तार घडी करून छातीच्या खिशात ठेवली आणि काम चालू ठेवलं. रडू आलं नाही याचं त्याला तेव्हा बरंच वाटलं होतं. हात स्थिर होते, डोळा स्थिर होता, आणि चौथ्या ठिकाणी यंत्रावर शेहेचाळीस दिसत असताना त्यानं वहीत चौसष्ट लिहिलं. वास्तविक तुकडीचा नियम होता की प्रत्येक माप दोन्ही टोकांनी घ्यायचं, एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे, दोन्ही आकडे एकाखाली एक लिहायचे आणि तिसऱ्या ओळीत फरक. एकदाच घेतलेलं माप म्हणजे ऐकीव गोष्ट. त्या दिवशी त्यानं चौथ्या ठिकाणचं उलटं माप घेतलंच नाही, घेतल्यासारखं लिहिलं. तोफगोळे टेकडीपलीकडे जाऊन पडले, एका पडक्या गोठ्याजवळ. गोठा रिकामा होता. कुणी म्हणता कुणी नव्हतं. पण चौकशीच्या वेळी तो तिथे गेला तेव्हा दारात एक बादली होती आणि ती अर्धी भरलेली होती. बाहीवरची हुद्द्याची एक फीत गेली, त्याचं त्याला काही वाटलं नाही. ती बादली मात्र पुढे कितीतरी महिने डोळे मिटले की समोर यायची. कुणीतरी पाणी भरून ठेवून कुठेतरी गेलं होतं. परत येणार होतं.

त्याच आठवड्यात त्यानं घरी पत्र लिहिलं. मी कायमचा घरी येईपर्यंत कुणीही मला वाईट बातमी कळवू नये. चांगली तेवढी लिहावी. खाली पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या. बायकोनं ते पाळलं. ती पाळणारी होती. सहा वर्षं घरून फक्त चांगल्या बातम्या आल्या आणि सुरुवातीला त्या वाचून त्याला खरोखरच गार वाटायचं. मग हळूहळू लक्षात आलं की आपण घराचं यंत्र बिघडवून ठेवलं आहे. उन्हाळा असो की थंडी, जो तापमापक कायम एकच आकडा दाखवतो तो भिंतीवर टांगून उपयोग काय? आता त्याला आकड्याकडे नाही, आकड्याच्या आजूबाजूला पाहावं लागे. ओळी मोजाव्या लागत. शाई कुठे दाट झाली, पेन कुठे थांबलं, कोणाचं नाव किती वेळा आलं. गेल्या पाच पत्रांत अण्णांच्या पेन्सिलीच्या ओळी नव्हत्या. पहिल्या पत्रात बायकोनं लिहिलं होतं, ‘अण्णांचा हात जरा दुखतो.’ नंतरच्या चारांत हाताबद्दल तेवढंही नाही. फोन केला की अण्णा कधी अंघोळीला गेलेले, कधी दुकानात, कधी नुकतेच झोपलेले. सकाळी अकराला? त्यानं विचारलं होतं. “वय झालं आता,” धाकटा भाऊ म्हणाला होता, आणि हसला होता. धाकटा खोटं बोलताना हसतो. लहानपणापासून.

म्हणून त्यानं फोटो खिडकीच्या प्रकाशात धरला आणि खिशातून टेप काढली.

लेक दारात उभी होती, चौकटीला उजवा खांदा लावून, डोळे उन्हानं बारीक केलेले. मागे घराचं दार उघडं. बायकोनं लिहिलं होतं, ‘आपल्या दारात काढलाय, शेजाऱ्यांनी.’ ते दार त्याला तळहातासारखं पाठ होतं. अण्णांनी स्वतः रंधा मारून, स्वतः ठोकून बसवलेलं. जमिनीपासून एकशे अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर उंच, चौकटीच्या आतून शहात्तर रुंद. त्याच्या लग्नात सासरकडून आलेलं लोखंडी कपाट त्यातून आत जाईना. सगळे घामाघूम. धाकटा म्हणाला, एक बाजू जरा तासूया. अण्णा म्हणाले, “कपाट तासा.” शेवटी खिडकीचे गज काढून कपाट आत घेतलं. नवी नवरी बाजूला उभी राहून हे सगळं बघत होती आणि पदराआड हसत होती. घरातल्या इतर वस्तू हलल्या, रंग बदलले, माणसं गेली, पण दार तसंच. शेतं मोजताना, टेकड्या मोजताना आधी एक न हलणारी खूण धरावी लागते आणि मग बाकीचं जग तिच्यावरून मोजायचं. त्याच्या डोक्यात घराची ती खूण म्हणजे हे दार.

फोटोत दाराची उंची बहात्तर मिलिमीटर भरली. रुंदी तेहेतीस. त्यानं पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं आणि मग पुन्हा मांडलं. रुंदी शहात्तर धरली तर लेकीची उंची एकशे एक येत होती. चौदा महिन्यांपूर्वी निघताना त्यानं स्वतः तिला एकशे तेरा मोजलं होतं. पोरी वाढतात, आखडत नाहीत. उंची एकशे अठ्ठ्याण्णव धरली तर लेक एकशे एकवीस, म्हणजे अगदी बरोबर. पण मग दार एक्क्याण्णव रुंद होत होतं. फोटो तिरका आहे का म्हणून त्यानं चौकटीचे कोपरे तपासले. समोरून काढलेला होता. शिवाय खाली उंबरा दिसत नव्हता. डाव्या चौकटीवर, लेकीच्या डोक्याच्या वर, डोळ्याच्या आकाराचा एक काळा ठिपका होता. त्यांच्या दाराला तिथे लाकडाची गाठ होती खरी. पण एका ठिपक्यावरून काय ठरवायचं? छपाईचा दोष असेल. त्यानं ते निरीक्षण सोडून दिलं. राहिलेल्या आकड्यांचा अर्थ एकच निघत होता. हे त्याचं घर नव्हतं.

ते एकदा ठरल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. बायको लेकीला घेऊन दुसरीकडे राहते आहे, अण्णांशी बिनसलं म्हणून. किंवा धाकट्यानं घर फुंकून टाकलं आणि सगळे तोंड लपवताहेत. फोटो काढणारा कोण हाही प्रश्न होता. सगळ्या आडव्या रेषा जिथे सपाट दिसतात ती कॅमेऱ्याची उंची. ती येत होती लेकीच्या खांद्याच्या जरा खाली, पंचाण्णवच्या आसपास. उभं माणूस इतक्या खालून फोटो काढत नाही. असा कोण शेजारी, जो तिच्यासमोर आरामात बसून फोटो काढतो? आणि मग या सगळ्यांच्या तळाशी, ज्याकडे तो सकाळपासून बघायचं टाळत होता, ते होतंच. अण्णा नाहीत. पाच पत्रांपासून नाहीत. दोनदा आलेला उल्लेख बायकोनं पत्र पुरं झाल्यावर घातला असावा. ती दोन्ही वाक्यं ओळीच्या शेवटी होती आणि अक्षर जरा दाबलेलं होतं. त्यांना जाळून, रडून, पुसून सगळे मोकळे झाले असतील आणि आता दारात हसऱ्या पोरीला उभं करून फोटो काढताहेत, कारण त्यानं तसं लिहून दिलं होतं. पट्टी ठेवून.

काल सेवामुक्तीची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, झोप लागते का? तो म्हणाला होता, ठीक लागते. म्हणजे तोही तेच करत होता. दवाखान्याच्या खोलीबाहेर वाट बघताना हाताला चाळा म्हणून त्यानं तिथल्या दाराची रुंदी वितीनं मोजली होती. चार विती आणि वर एक बोट. बराकीच्या दारापेक्षा कितीतरी जास्त. तिथे पट्ट्या बांधणारा एक म्हातारा होता, त्याला सगळे मलमपट्टी म्हणत. “काय, दार घरी न्यायचंय का?” मलमपट्टीनं विचारलं होतं. “एवढं मोठं कशाला?” मोजणीदार म्हणाला. “चाकाची खुर्ची जायला नको? नव्वदीच्या आत दार केलं की खुर्चीवाल्याची बोटं चौकटीला सोलून निघतात. दहा जणांच्या बोटांना मीच मलम लावलंय.” तेव्हा त्यानं मान डोलावली होती आणि विसरून गेला होता.

आज खिशात आणखी एक कागद होता. दोन वर्षं वाढीव नोकरीचा फॉर्म. मोजणीची माणसं कमी पडत होती, कारकुनानं स्वतः होऊन दिला होता. “पाचच्या आत खिडकीवर दे. पाचनंतर देव आला तरी घेणार नाही.” फॉर्म भरून झाला होता, सही तेवढी राहिली होती. सकाळपर्यंत त्याला तो हसण्यासारखा वाटत होता. आता वाटेना. इथे निदान कोपऱ्यातला दगड कोपऱ्यात असतो. एक डोंगर दोन वर्षांनी मोजला तरी तेवढाच भरतो. जिथे गेल्यावर आपल्याला कोण भेटणार आणि कोण नाही तेच माहीत नाही, जिथे सगळे मिळून आपल्याशी ठीक वागणार, त्या दाराशी ट्रंक घेऊन उभं राहायचं कशाला? सही केली तर दोन वर्षं अण्णा निदान अंघोळीला तरी गेलेले राहतील. हा विचार मनात आला आणि त्याची त्यालाच शिसारी आली, पण फॉर्म भरायला आचाऱ्याकडून घेतलेलं पेन त्यानं खिशातच ठेवलं, परत दिलं नाही.

साडेचारला तो कचेरीत गेला. फॉर्म घ्यायची खिडकी आणि फोनची खोली शेजारीशेजारी होत्या. फोनच्या रांगेत तो नववा. फोनवाला प्रत्येकाला तीन मिनिटं देई आणि मध्येच मोठ्यानं वेळ सांगे. पुढचा जवान कुणालातरी सांगत होता, “नाही गं, जाड नाही झालो, फुगलोय नुसता.” नंबर लागला तेव्हा पाचाला तीन कमी होते.

“अहो, आज कसा काय फोन?” बायकोचा आवाज. “पत्र पोचलं?”

“पोचलं. फोटोही.”

“किती उंच झालीय बघा! मागच्या वर्षीचे कपडे होईनात तिला.”

“कुणी काढला?”

“लिहिलंय की. शेजाऱ्यांनी.” उत्तर जरा लवकर आलं.

“अण्णांना दे.”

“ते ना… आत्ताच पडलेत जरा.”

“मागच्या वेळी अंघोळीला होते. त्याआधी दुकानात.”

तारेतून नुसती खरखर. मग ती म्हणाली, “नऊ दिवस तर राहिले. या ना घरी. आल्यावर बोलू सगळं.”

“सगळं म्हणजे काय?”

“अहो, असं पोलिसासारखं काय विचारता?”

“एक काम कर. दार मोज.”

“काय मोज?”

“दार. बाहेरचं. चौकटीच्या आतून आतून.”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? इतक्या लांबून फोन करून दार मोजायला सांगताय?”

“माझ्या घराचं दार शहात्तर आहे. फोटोतलं शहात्तर नाही. तुम्ही लोक राहता कुठे? आणि अण्णा कुठे आहेत? खरं सांग.”

पलीकडे श्वास ऐकू आला. “तुम्हीच लिहिलं होतं,” ती अगदी हळू म्हणाली. “रेघा मारून. मला काय हौस होती? रोज पेन हातात धरलं की…” आणि तिचा आवाज फाटला. तेवढ्यात मागून लेक ओरडली, “पप्पा आहेत? मी मोजते! मला येतं मोजता!” रिसीव्हर कशावर तरी आपटला. कप्पा ओढल्याचा आवाज. धावणारे पाय. “एक मिनिट राहिलं,” फोनवाला म्हणाला. शेजारच्या खिडकीतून कारकुनानं मान बाहेर काढली. “मोजणीदार, देतोयस ना तो? बंद करतोय मी.” मोजणीदारानं हात वर केला, थांब अशा अर्थी. फॉर्म त्याच हातात होता.

पलीकडे खोलीत, फोनपासून लांब, कुणीतरी बोललं. आवाज जड होता, जिभेखाली लाकडाची ढलपी धरून बोलावं तसा. शब्द एकेक करून, मध्ये मध्ये थांबत बाहेर पडत होते. “शून्य… शून्याचं टोक… आतल्या… कोपऱ्याला. ढिली… नको.”

मोजणीदारानं रिसीव्हर कानावर एवढा दाबला की कान दुखायला लागला. आयुष्यभर टेप ढिली सोडल्याबद्दल त्याला त्याच माणसानं ओरडा दिला होता.

“पप्पा,” लेक धापा टाकत आली, “एक्क्याण्णव. आणि पुढे दोन बारीक रेघा.”

“दुसरं टोक कुणी धरलं होतं?”

“आजोबांनी. डाव्या हातानं. उजवा उठत नाही ना त्यांचा. खुर्चीचं चाक मध्ये येत होतं, मग मी ते मागे ढकललं. काकांनी दार मोठं केलं तेव्हा आजोबा इथेच बसले होते. सगळं बघत होते, कुणाला हातच लावू देत नव्हते डाव्या बाजूला. आणि फोटो पण त्यांनीच काढला, बसल्या बसल्या. तुम्हाला सांगायचं नव्हतं.” ती थांबली. “सांगितलं तर चालतं ना आता?”

“चालतं,” तो म्हणाला. “आता टोकं बदला. तू शून्य धर. आजोबांना आकडा वाचू दे.”

“त्यांना वेळ लागतो बोलायला.”

“लागू दे.”

“वेळ संपली,” फोनवाला म्हणाला, मग मोजणीदाराच्या तोंडाकडे बघून दुसरीकडे वळला आणि रांगेतल्या माणसाशी हवापाण्याचं बोलायला लागला. खिडकीत कारकून म्हणाला, “पाच.” लाकडी झडप खाली आली. मोजणीदारानं फॉर्म भिंतीवर उलटा धरला, कोऱ्या बाजूनं, आणि खिशातून पेन काढलं. लिहिलं, इकडून ९१.२. मग तो थांबला. पलीकडे टेप सळसळली. बायको लांबून म्हणाली, “सावकाश, अण्णा.” पुष्कळ वेळ काहीच नाही. मग तो जड आवाज फोनच्या अगदी जवळ आला, आणि एक एक आकडा, मध्ये श्वास घेत, नीट उच्चारला. मोजणीदारानं तो पहिल्याच्या खाली लिहिला.

इकडून ९१.२
तिकडून ९१.२
फरक शून्य.